काळ्यावर काळा

दसरा जवळ आला की आपल्याकडे यंत्रांना बरे दिवस येतात. एरवी वर्षभर ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्या सायकली, शिवणयंत्रे आणि फटफट्या त्या आठवड्यात न्हाऊन-माखून झेंडूच्या माळा घालून उभ्या राहतात. पण न्हाऊ घालणे निराळे आणि रंग देणे निराळे. गाडीला रंग म्हटले की आपला पांढरपेशा माणूस थेट गॅरेजची वाट धरतो. ते काम आपल्यासारख्यांचे नव्हे, अशी आपली पक्की समजूत. मी तर कॉलेजात मराठी शिकवतो. हाताला रंग लागलाच तर तो खडूचा. तरी गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर मी एक अख्खी मोटारसायकल साताऱ्यातल्या आमच्या गच्चीवर रंगवली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

गाडी आमच्या तात्यांची. राजदूत, एकशे पंचाहत्तर. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल गाडीच्या नमुन्यावर ती इथे काढली. हिची एक बुटकी धाकटी बहीण १९७३ सालच्या ‘बॉबी’ चित्रपटात झळकली आणि तरुणांच्या गळ्यातला ताईत झाली. आमची थोरली मात्र दूधवाल्यांची, ग्रामसेवकांची आणि शाळामास्तरांची. तात्या शाळामास्तर. त्यांनी ती १९८४ साली घेतली आणि निवृत्त होईपर्यंत रोज खेड्यातल्या शाळेला तिच्यावरून गेले. पुढे ती जिन्याखाली उभी राहिली. भंगारवाला दोनदा भाव विचारून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझी मुलगी म्हणाली, “बाबा, आजोबांची गाडी विकायची नाही. मी चालवणार.” झाले! घरात ठराव मंजूर झाला आणि अंमलबजावणी माझ्याकडे आली.

मुलीला रंग निळा हवा होता. परंतु गाडीच्या नोंदणीपुस्तकात रंगही लिहिलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओकडे जाऊन तशी नोंद करून घ्यावी लागते. आमच्या पुस्तकात ‘काळा’ असे होते, तेव्हा काळाच ठरला. आणखी एक सावधगिरी. चौकटीवर ठोकलेला चेसिस नंबर घासू नये आणि लांबीखाली दडपू नये. नोंदणीचे नूतनीकरण करताना तोच तपासला जातो.

पहिले काम सुटे करण्याचे. टाकी, दोन्ही मडगार्ड, दिव्याची वाटी, हत्यारांच्या पेटीचे झाकण असे एकेक भाग काढले. प्रत्येकाचे नटबोल्ट निराळ्या डबीत घालून डबीवर चिठ्ठी चिकटवली. टाकीच्या बाबतीत मात्र चेष्टा नको. भरल्या टाकीपेक्षा नुकती रिकामी केलेली टाकी अधिक घातक, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण उरते. ती उघड्यावर ठेवावी आणि जवळपास विडी-काडी, निरांजन, काही येऊ देऊ नये. सौ.ची अट याहून कडक होती. थिनरचा वास गच्चीच्या दाराखाली उतरता कामा नये!

मग धुणे. साबणाचे पाणी, त्यानंतर थिनरचा बोळा. वर्षानुवर्षांच्या पॉलिशाचा तेलकटपणा राहिला, तर नवा रंग तिथे धरत नाही आणि माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल छिद्रे पडतात. त्या बोळ्याने मला एक गोष्ट सांगितली. जिथे जिथे तो फिरला, तिथे तिथे जुना काळा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला.

याचे कारण १९९८ सालात होते. त्या वर्षी मी कॉलेजात गेलो. गाडीचा मूळ रंग उडाला होता. पण गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च आणि माझी फी व वसतिगृह, हे दोन्ही एका पगारात बसेनात. तेव्हा तात्यांनी खिडकीच्या गजांसाठी आणलेल्या काळ्या इनॅमलचा उरलेला डबा उघडला आणि दीड इंची ब्रशाने एका रविवारी गाडी रंगवून काढली. ब्रशाचे फराटे लांबूनही दिसत. “मास्तर, गाडीला खिडकी समजलात काय?” असे शाळेतले सहकारी हसून विचारीत. तात्याही हसत आणि त्याच गाडीवरून टपालकचेरीत जाऊन माझी मनिऑर्डर करीत.

आता थोडी रंगाची जातकुळी सांगायला हवी. इनॅमल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू कडक होते. लॅकर जातीचा रंग नुसते द्रावण उडून जाऊन झटपट वाळतो. मोटारीला झटपट वाळणारा रंग ही काही फार जुनी गोष्ट नाही. अमेरिकेत ड्युपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा लॅकर रंग १९२३-२४ च्या सुमारास मोटारींवर चढू लागला. त्याआधी चांगला रंग द्यायला कित्येक आठवडे लागत. आपल्याकडचे जुने पेंटर अजूनही ‘ड्यूको मारला’ म्हणतात ते त्यावरूनच. मात्र लॅकरचे थिनर जहाल असते. ते जुन्या इनॅमलवर पडले की खालचा थर फुगून सुरकुततो. माझा फवाऱ्याचा डबा लॅकरचा होता. शिवाय टाकीच्या खालच्या कडेला तात्यांच्या थराखाली गंजाचे फोड आले होते. लोखंडापेक्षा गंज अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आतून रंग उचलत राहतो. थोडक्यात, तो थर पुरता उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मी काचकागद हातात घेतला आणि टाकीवर ठेवला. उन्हात ते फराटे स्पष्ट दिसत होते. काही ठिकाणी ब्रशाचा केस रंगात अडकून तसाच वाळला होता. शेजारी खुर्ची टाकून तात्या बसले होते.

“थांबलास का रे?”

“तुमचे फराटे दिसताहेत, तात्या.”

“मग घास की! मी काय देव्हारा रंगवला होता?”

घासले. पण पाणी लावून घासले, कारण जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची कोरडी धूळ पोटात जाणे वाईट, मुलांच्या तर फारच. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली. तात्यांचा डबा त्याच्या कितीतरी आधीचा. आधी १८० नंबरचा कागद, मग ३२०. गंजाच्या जागा तारेच्या ब्रशाने पांढऱ्या लोखंडापर्यंत नेल्या. खोलगट पोच्यांत लांबी भरली. हल्ली ती दोन भागांची येते. लगद्यात चिमूटभर कडक करणारा पदार्थ मिसळला की काही मिनिटांतच ती घट्ट होते, म्हणून सुपारीएवढीच कालवावी. त्यावर राखी अस्तराचे दोन पातळ हात.

नवशिक्यांना उपयोगी पडेल अशी एक युक्ती इथे सांगतो. अस्तर वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ शिडकावा करावा आणि ४०० नंबरच्या कागदाने ओले घासावे. उंचवट्यांवरचा काळा निघून जातो, खळग्यांत तो राहतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते असे आपोआप उघडे पडते. तिथे पुन्हा लांबी, पुन्हा अस्तर, पुन्हा कागद. हे काम संपता संपत नाही.

दसरा आला तेव्हा टाकी राखी अंगानेच बसली होती. मुलगी हिरमुसली. त्या आठवड्यात परतीचा पाऊस होता, आणि दमट हवेत लॅकर मारला तर द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरते आणि रंग दुधाळ पांढरा पडतो. मी थांबायचे ठरवले. तात्यांनी खंडेनवमीला बिनटाकीच्या सांगाड्यालाच हळदकुंकू वाहिले, हँडलला माळ घातली आणि नातीला म्हणाले, “पूजा गाडीची असते, रंगाची नाही.”

पुढे चार दिवस कडक ऊन पडले. आधी तेलाच्या रिकाम्या डब्यावर हात बसवून घेतला होता. फवारा एका वितीहून थोडा अधिक लांब धरायचा. जवळ नेला तर ओघळ येतात, फार दूर नेला तर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा येतो. हात वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. एक जाड हात देण्यापेक्षा चार पातळ बरे. तोंडावर कोळशाच्या डब्या असलेला मुखवटा हवा, नुसता रुमाल नव्हे. टाकीवरचा शेवटचा पारदर्शक हात मात्र मी गावातल्या पेंटरकडून मारून घेतला. साध्या लॅकरला पेट्रोलचे थेंब खातात. पेट्रोलला दाद न देणारा दोन भागांचा रंग असतो, पण त्यातल्या आयसोसायनेट द्रव्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. तो घरी मारण्याच्या फंदात कोणी पडू नये.

हिशेब मांडला तर सबंध कामात रंग मारण्याचा वेळ दोन सकाळींचा. बाकी साडेतीन आठवडे धुणे, घासणे, भरणे आणि वाळण्याची वाट पाहणे. लोक ज्याला रंग म्हणतात तो शेवटी येऊन सगळे श्रेय घेतो. टिकणे न टिकणे त्याच्याखाली आधीच ठरलेले असते. सहकाऱ्यांना हसू आणणारे ते फराटे पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्या पत्र्यावर टिकले, ते याचमुळे असावे. तात्यांनीही त्या रविवारी गाडी आधी घासूनच घेतली असणार. मास्तरांचा हात!

वसुबारसेच्या दिवशी गाडी जोडून झाली. तात्या भोवती एक फेरी मारून आले, टाकीत स्वतःचा चेहरा पाहिला, मिशीवरून बोट फिरवले आणि सवयीने हत्यारांच्या पेटीचे झाकण उघडले. झाकणाच्या आतल्या बाजूला गंज नव्हता, म्हणून ती मी घासली नव्हती. तिथे दीड इंची ब्रशाचे चार फराटे तसेच होते.

“हे राहिलंच की रे,” ते म्हणाले.

“राहू द्या, तात्या.”

त्यांनी झाकण लावले, आणि ते नीट लागले की नाही हे हाताने एकदा दाबून पाहिले.