यापेक्षा जास्त मोजू नका

क्रॅस या इंग्लिश पंक बँडच्या रेकॉर्डच्या वेष्टनावरच छापलेलं असे: अमुक पेन्सपेक्षा जास्त पैसे मोजू नका. सूचना गिऱ्हाइकाला, रोख दुकानदारावर. राजसत्ता नको, चर्च नको, युद्ध नको, असं ओरडणारे बँड तेव्हा पुष्कळ होते. क्रॅसचा अराजकवाद मात्र हिशेबाच्या वहीपर्यंत पोचला होता.

बँड जमला 1977 साली, इसेक्समधल्या डायल हाउस या जुन्या शेतघरात. या घराचं दार 1967पासून येईल त्याला उघडं होतं. तिशी ओलांडलेला ड्रमर पेनी रिम्बो आणि त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान, कामगारवस्तीत वाढलेला गायक स्टीव्ह इग्नोरंट ही मूळ जोडी. नावं अर्थातच स्वतःच ठेवलेली. रंगमंचावर सगळे काळ्या कपड्यांत, उजेड घरगुती बल्बचा. जी व्हाउचरने केलेली वेष्टनं उलगडली की भिंतीवर लावायचं पोस्टर होई. गाण्यांचे शब्द आणि लांबलचक लेख बारीक टायपात खच्चून भरलेले. आपल्याकडची साठीतली अनियतकालिकं चाळलेल्या माणसाला हा खटाटोप लगेच ओळखीचा वाटेल.

1978मध्ये पहिली रेकॉर्ड छापायला गेली, तेव्हा आयर्लंडमधल्या कारखान्यातल्या कामगारांनी ख्रिस्तनिंदेचं एक गाणं छापायला नकार दिला. बँडने त्या जागी नुसती शांतता ठेवली आणि तिला नाव दिलं ‘द साउंड ऑफ फ्री स्पीच’. पुढे तेच गाणं काढण्यासाठी स्वतःचं रेकॉर्ड लेबल सुरू केलं. ती रेकॉर्ड 45 पेन्सला विकली आणि त्यात चक्क तोटा खाल्ला.

गाणी कानाला गोड नाहीत. लष्करी कवायतीसारखा ड्रम, त्यावर थुंकल्यासारखे शब्द. तासभर सलग ऐकणं जड जातं, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावं. पण 1981च्या ‘पीनस एन्व्ही’मध्ये त्यांनी पुरुषांचे आवाज बाजूला ठेवून सगळी गाणी बायकांकडून गाऊन घेतली आणि वेगळीच धार आली. त्यातलं लग्नाचं एक गोग्गोड गाणं ‘क्रिएटिव्ह रेकॉर्डिंग अँड साउंड सर्व्हिसेस’ या नावाने ‘लव्हिंग’ या तरुणींच्या नियतकालिकाच्या गळ्यात मारलं. नियतकालिकाने ते वाचकांना भेट म्हणून देऊ केलं. इंग्रजी आद्याक्षरं जुळवायचं कुणाला सुचलं नाही!

फॉकलंड युद्धानंतर खोड्या गंभीर झाल्या. थॅचर आणि रेगन यांच्या भाषणांचे तुकडे जोडून बँडने दोघांचं एक बनावट टेलिफोन संभाषण तयार केलं. टेप निनावी फिरली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला त्यात सोव्हिएत गुप्तहेरांचा हात दिसला. जानेवारी 1984मध्ये ‘संडे टाइम्स’ने तसं छापलंही, मग ‘ऑब्झर्व्हर’ने माग काढत इसेक्सचं शेतघर गाठलं.

आपण 1984ला थांबणार, हे बँडने आधीच ठरवलं होतं. ऑर्वेलच्या कादंबरीचं ते साल. 1979च्या रेकॉर्डचा क्रमांक 521984, म्हणजे 1984ला पाच वर्षं बाकी. 1981चा 3ने सुरू होतो. एव्हाना अश्लीलतेचा खटला मागे लागला होता, आणि माणसंही थकली होती. 1984च्या जुलैत वेल्समधल्या ॲबरडेअरला संपावरच्या खाणकामगारांच्या मदतीसाठी ते शेवटचे वाजवले. स्टीव्ह नंतर कॉन्फ्लिक्ट या बँडबरोबर गाऊ लागला. रिम्बो आणि व्हाउचर डायल हाउसमध्येच राहिले, आणि पुढे ते घर लिलावात निघालं तेव्हा त्यांनीच ते विकत घेतलं.