विश्लेषण : कल्याण-शिळफाटा पट्ट्यात घरे वाढली, रस्ते का पुरत नाहीत?

कल्याण-शिळफाटा रस्त्यावर मेट्रोचे काम, रुंदीकरण आणि नवे पूल अशी सारी कामे एकाच वेळी सुरू झाली. तरीही या पट्ट्यातील गृहसंकुलांच्या जाहिरातींत ‘मुंबई, ठाणे, नवी मुंबई हाकेच्या अंतरावर’ हे वाक्य कायम असते. घराचा ताबा घेतल्यावर हे अंतर किलोमीटरमध्ये नाही, तर तासांमध्ये मोजावे लागते, हे रहिवाशांना कळते. नव्या वस्त्यांचा भार अखेर येतो तो जुन्या कल्याणचे पूल, चौक आणि रेल्वे स्थानकावर. घरांना परवानगी मिळते, मग रस्ता मागे का राहतो?

जुने कल्याण किती जुने?

कल्याण हे प्राचीन बंदर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ‘कल्लिएना’ नावाने त्याचा उल्लेख आहे, तर कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नोंद सापडते. १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणली. खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला आणि मराठा आरमाराची सुरुवात यांचे नाते त्या काळाशी आहे. १८५४ मध्ये ठाण्याहून रेल्वे कल्याणपर्यंत आली आणि पुढे येथून कसारा व कर्जत या दोन दिशांना मार्ग फुटले.

या इतिहासाचा आजच्या कोंडीशी थेट संबंध आहे. एका बाजूला खाडी आणि मधोमध रेल्वेमार्ग अशा जागेवर हे शहर वसले. पारनाका, टिळक चौक, लाल चौकी, सहजानंद चौक हा भाग मोटारींचा जमाना येण्यापूर्वीच आकाराला आला होता. वाडे, देवळे, बाजारपेठ यांच्यामधून जाणारे हे रस्ते एका मर्यादेपलीकडे रुंद करता येत नाहीत. खाडी किंवा रूळ ओलांडायचे तर मोजक्या पुलांखेरीज दुसरी वाट नाही.

नवी घरे नेमकी कुठे उभी राहिली?

दोन दिशांना. पश्चिमेत खडकपाडा, गांधारी, बारावे, उंबर्डे या भागांत संकुले झाली. तेथील नोकरदारांना रोज कल्याण स्थानक गाठायचे असते आणि त्यांची बरीचशी वाट जुन्या शहराच्या चौकांतून जाते. दुसरी दिशा कल्याण-शिळफाटा रस्त्याची. मानपाडा, काटई, निळजे, खोणी या गावांच्या परिसरात शेतजमिनींवर टॉवर उभे राहिले. पलावासारखी मोठी नगरी याच पट्ट्यात आहे.

या पट्ट्याला दोन तोंडे आहेत आणि दोन्ही अरुंद आहेत. दक्षिणेला शिळफाटा, जिथे मुंब्रा-पनवेल रस्ता आणि महापेकडून येणारी वाहतूक एकत्र येते. उत्तरेला पत्रीपूल आणि दुर्गाडीचा खाडीपूल. भिवंडी किंवा नाशिक महामार्गाकडे जायचे तर हे दोन्ही पूल ओलांडावे लागतात. भिवंडीतील गोदामे आणि उरणचे जेएनपीए बंदर यांच्या दरम्यान धावणारी अवजड वाहनेही याच रस्त्यावर येतात. म्हणजे एकाच रस्त्यावर शाळेची बस, रिक्षा, दुचाकी आणि कंटेनर!

एका संकुलाने एवढा काय फरक पडतो?

साधे गणित करून पाहू. समजा, एका वसाहतीत ५ हजार घरे आहेत आणि सकाळी ८ ते ९ या वेळेत दर चार घरांमागे एकच मोटार बाहेर पडते. त्या मोटारी होतात १,२५०. रांगेत एका मोटारीला सहा मीटर जागा धरली, तर त्यांची एका मार्गिकेतील रांग साडेसात किलोमीटरची होते.

आता सिग्नल पाहू. हिरवा दिवा असताना एका मार्गिकेतून साधारण दोन सेकंदांना एक मोटार पुढे जाते. दिवा निम्मा वेळ हिरवा असेल, तर तासाभरात ९०० मोटारी सुटतात. उरलेल्या ३५० नऊ वाजता तिथेच उभ्या असतात आणि पुढच्या तासातील वाहनांना अडवतात. यात दुचाकी, रिक्षा, बंद पडलेला ट्रक किंवा खड्डा धरलेला नाही. शिवाय हे गणित एकाच वसाहतीचे आहे. कोंडी हळूहळू वाढत नाही. क्षमता संपली की ती एकदम दुणावते, याचे कारण हेच.

मग परवानगी देताना रस्त्याचा विचार होत नाही?

होतो, पण तुकड्या-तुकड्यांनी. राज्यातील मुंबई वगळता बहुतांश शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तीत भूखंडासमोरचा रस्ता जितका रुंद, तितका जास्त चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो. म्हणजे मोजली जाते ती दारासमोरच्या रस्त्याची रुंदी. तो रस्ता पुढे ज्या पुलाला किंवा चौकाला मिळतो, तिथे किती जागा शिल्लक आहे, हे निर्देशांक ठरवताना पाहिले जात नाही.

२० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्यात वाहतुकीवरील परिणामांचा मुद्दा असतो. मात्र ही तपासणी प्रत्येक प्रकल्पाची स्वतंत्रपणे होते. दहा प्रकल्पांनी आपापल्या अहवालात ‘परिणाम मर्यादित’ असे म्हटले, तरी त्या दहांची बेरीज मर्यादित राहत नाही. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाली की भोगवटा प्रमाणपत्राचा मार्ग मोकळा होतो. पाच किलोमीटरवरचा पूल तयार आहे का, ही त्यासाठीची अट नसते.

आराखड्याबाहेरच्या घरांचे काय?

तो प्रश्न आणखी अवघड आहे. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण गाजले. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले आणि तिथे आयुष्यभराची पुंजी घातलेली कुटुंबे अडचणीत आली. अशा बांधकामांची लोकसंख्या नियोजनाच्या कागदावर नसते, रस्त्यावर मात्र असते.

लोकसंख्येचा आकडाही जुनाच आहे. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक नोंदली गेली. तेव्हा २७ गावे महापालिकेत नव्हती. २००२ मध्ये वगळलेली ही गावे २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. काटई-निळजे पट्ट्यातील बरीच वाढ याच गावांच्या हद्दीत झाली. त्यामुळे जिथे घरे सर्वाधिक वेगाने वाढली, तिथली माणसे महापालिकेच्या त्या आकड्यात नाहीतच.

जबाबदारी नेमकी कोणाची?

एका प्रवासात अनेक यंत्रणांची हद्द ओलांडावी लागते. कल्याण-शिळफाटा रस्त्याचे सहापदरीकरण राज्य रस्ते विकास महामंडळाकडे, मेट्रो आणि वळण रस्ता एमएमआरडीएकडे, शहरातील रस्ते महापालिकेकडे, रुळांवरील पुलाचा भाग रेल्वेकडे आणि वाहतुकीचे नियमन ठाणे शहर पोलिसांकडे आहे. २७ गावांचे नियोजन २००६ पासून काही वर्षे एमएमआरडीएकडे होते. त्यातील दहा गावांत कल्याण विकास केंद्राची योजनाही याच प्राधिकरणाने आखली.

यातला एक दुवा निखळला की काय होते, हे पत्रीपुलाने दाखवून दिले. ब्रिटिशकालीन पूल धोकादायक ठरल्याने ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाडला गेला. नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधली जवळपास अडीच वर्षे सारा भार शेजारच्या एका पुलावर होता. रुंदीकरणालाही अडथळे आले. जमिनीचा मोबदला न मिळाल्याची शेतकऱ्यांची तक्रार होती आणि काही ठिकाणी काम रखडले. रस्ता तीन पदरांवरून दोन पदरांवर आला की आधीच्या रुंदीचा उपयोग राहत नाही.

रेल्वे हा पर्याय नाही का?

आहे, पण तीही तुडुंब आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. पलावाजवळ निळजे स्थानक आहे, पण ते दिवा-पनवेल मार्गावर. तिथे मुख्य मार्गासारख्या सतत धावणाऱ्या लोकल नाहीत. त्यामुळे हजारो प्रवासी आधी रस्त्याने डोंबिवली किंवा कल्याण गाठतात. रेल्वेने जाणाऱ्यालाही रस्त्याची कोंडी चुकत नाही.

कोणते उपाय सुरू आहेत?

कल्याण-तळोजा मेट्रो १२ चा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग याच पट्ट्यातून जातो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ त्याला जोडणार आहे. ऐरोली-काटई हा सुमारे १२ किलोमीटरचा मार्ग पारसिक डोंगरातील बोगद्यातून नवी मुंबईला जोडतो. हेदुटणे ते टिटवाळा वळण रस्ता शहराबाहेरून वाहतूक नेण्यासाठी आहे. जुन्या कल्याणसाठी सर्वांत महत्त्वाचा तोच, कारण ज्यांना शहरात काम नाही, त्यांना शहरात यावेच लागणार नाही.

मात्र हे उपाय टप्प्याटप्प्याने येतात आणि घरे त्यांची वाट पाहत नाहीत. मेट्रोच्या खांबांसाठी लावलेले अडथळे आजचा रस्ता अरुंद करतात. नवा रस्ता झाला की त्याच्या जाहिरातीवर पुढची संकुले विकली जातात आणि मिळालेली मोकळीक काही वर्षांत संपते.

काय बदलायला हवे?

पहिली गोष्ट, वाहतुकीचा अभ्यास प्रकल्पाचा नव्हे, तर पट्ट्याचा व्हावा. मंजूर झालेली आणि मंजुरीच्या वाटेवरील सर्व घरे एकत्र मोजून पूल-चौकांची क्षमता आधी तपासावी. दुसरी, मोठ्या वसाहतींच्या पुढील टप्प्यांचे भोगवटा प्रमाणपत्र रस्ते आणि बससेवेच्या टप्प्यांशी जोडावे. तिसरी, अवजड वाहनांच्या वेळा गर्दीच्या तासांत काटेकोर पाळाव्यात. चौथी, संकुल ते स्थानक अशा नेमाने सुटणाऱ्या बस वाढवाव्यात. एका भरलेल्या बसमुळे किमान तीस-चाळीस दुचाकी आणि मोटारी रस्त्यावर येत नाहीत.

घर घेणाऱ्यांनीही जाहिरातीतील मिनिटांवर विसंबू नये. महारेराच्या संकेतस्थळावरील मंजुरीची कागदपत्रे संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून पडताळून घ्यावीत. विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता प्रत्यक्ष जागेवर आहे का, ते पाहावे. आणि साइट पाहायला रविवारी दुपारी नव्हे, सोमवारी सकाळी साडेआठला जावे.