कमी वेगात गाडी का तापते?

• आधी हे पाहा : हायवेवर तापमानाचा काटा जागेवर, पण लो गिअरमध्ये खडकाळ चढ लागला की वर सरकतो? मग पहिला संशय हवेवर. वेगात समोरचा वारा रेडिएटरमधून आपसूक जातो. रांगत्या गाडीत ते काम एकट्या पंख्याचं. याउलट वेगातच तापत असेल, तर बहुधा रेडिएटर आतून चोंदलेला असतो.

• व्हिस्कस फॅन : पंख्याच्या क्लचमध्ये सिलिकॉन तेल. रेडिएटरमागची हवा तापली की द्विधातू पट्टी झडप उघडते आणि पंखा पकड घेतो. तेल गळालं की पकड जाते. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने ढकलावा : अडखळला तर ठीक, गरागरा फिरत राहिला तर क्लच गेला.

• श्राउड : पंख्याभोवतीचं कडं. ते नसेल तर पंखा तीच गरम हवा घुसळतो.

• चिखल : एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत वाळलेली माती समोरून दिसत नाही. पाणी इंजिनाच्या बाजूने, कमी दाबाने मारावं. जोराच्या फवाऱ्याने रेडिएटरची पाती वाकतात.

• आकडे : थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडू लागतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट सुमारे १०७ अंशांना. रेडिएटरच्या झाकणाच्या दाबाने दर १ पीएसआयमागे सुमारे दीड अंशाची भर पडते. सैल झाकणाने ती जाते.

• वाटेत तापली तर : एसी बंद, हीटर पूर्ण चालू. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये.