भोंगा वाजला, मग?

२२ मे १९६० रोजी चिलीच्या किनाऱ्यावर ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. आजवर मोजला गेलेला हा सर्वांत मोठा भूकंप. त्यातून उठलेल्या त्सुनामीला पॅसिफिक ओलांडून हवाई बेटांवरच्या हिलो गावी पोचायला सुमारे १५ तास लागले. इशारा वेळेत मिळाला होता. रात्री साडेआठच्या सुमारास भोंगे वाजले आणि मोठी लाट आली ती एक वाजून गेल्यावर. चालत उंचावर जायलाही हा वेळ भरपूर होता, तरी ६१ जणांचा बळी गेला.

मागाहून रहिवाशांशी बोलल्यावर उलगडा झाला. बहुतेकांनी भोंगा ऐकला होता. घर सोडणारे मात्र निम्म्याहून कमी. पूर्वी टप्प्याटप्प्याने भोंगे होत, तेव्हा नुकतीच ती पद्धत बदलून एकच ठेवला होता. त्यामुळे कित्येक जण पुढच्या भोंग्याची वाट बघत बसले. काही तर लाट बघायला किनाऱ्यावर गेले!

यांत्रिक भोंग्याची रचना साधी असते. मोटारीवर फिरणारं चक्र हवा बाहेर फेकतं आणि भोवतालच्या खाचांची आळीपाळीने उघडझाप होऊन तो झोत तुटत राहतो. सेकंदाला जितके तुकडे, तितकी आवाजाची वारंवारता. मोटारीने वेग घेतला की स्वर चढतो, वेग कमी झाला की उतरतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो, शिवाय वारा उलटा असेल तर तो वर वळून डोक्यावरून निघून जातो. खिडक्या बंद करून टीव्ही लावलेल्या घरात तो पोचेलच असं नाही.

आपल्याकडे नागरी संरक्षणाच्या भोंग्याचा चढउतार म्हणजे हवाई हल्ल्याचा धोका, तर सलग एकसुरी आवाज म्हणजे धोका टळला. ७ मे २०२५च्या देशव्यापी सरावाच्या निमित्ताने हे पुन्हा सांगितलं गेलं. हवाईत मात्र सलग आवाज म्हणजे सावध व्हा, रेडिओ लावा!

चढउतार ऐकू आला तर आडोसा गाठावा, काचांपासून दूर राहावं, दिवे मालवावेत आणि अधिकृत सूचना ऐकाव्यात. धरणाखालच्या भोंग्याची गोष्ट वेगळी. तिथे पहिल्याच भोंग्याला नदीपात्रातून वर यायचं, गुरं वर घ्यायची. काठावरची पाण्याची मोटार काढायला पुन्हा खाली उतरायचं नाही, मग ती नवी कोरी का असेना.