हळद आणि कर्क्युमिन : एक आवश्यक भेद

हळदीच्या आरोग्यविषयक गुणांसंबंधी जे विपुल लेखन होते, त्यात स्वयंपाकातील हळद आणि प्रयोगशाळेतील कर्क्युमिन ही एकाच वस्तूची दोन नावे समजून चालण्याचा प्रघात पडला आहे. ही गल्लत किरकोळ नाही. वाळलेल्या हळकुंडात कर्क्युमिन व त्याची सजातीय रंगद्रव्ये मिळून साधारणतः २ ते ५ टक्के असतात. उरलेला भाग मुख्यत्वे पिष्ट, तंतू, प्रथिने, खनिजे आणि सुगंधी तेल यांचा. संशोधन होते ते बहुधा त्या दोन-चार टक्क्यांवर, आणि श्रेय मात्र सबंध हळदीच्या पदरात पडते.

प्रथम आहारदृष्ट्या पाहू. १०० ग्रॅम हळदपुडीत सुमारे ५५ मिलिग्रॅम लोह असते. कोष्टकात हा आकडा मोठा भारदस्त वाटतो. परंतु एका माणसाच्या वाट्यास दिवसाकाठी एक ग्रॅम हळद आली असे धरले, तरी त्यातून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच लोह मिळते, आणि वनस्पतिज लोहाचा अल्प अंशच रक्तात उतरतो. हळद हा मसाला आहे. तिच्याकडून पोषणाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

कर्क्युमिनची गोष्ट निराळी. फोगेल व पेलेतिए यांनी १८१५ साली हे रंगद्रव्य वेगळे केले. त्याची संरचना १९१० साली निश्चित झाली. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. अल्कलीच्या सान्निध्यात त्याचा वर्ण पालटतो. मुरगळलेल्या पायावर लावावयाचा हळद-चुन्याचा लेप तांबडा होतो तो यामुळेच. शिवाय ते अस्थिर आहे. शरीराच्या तापमानास, ७.२ सामू असलेल्या बफर द्रावणात त्याचे सुमारे ९० टक्के विघटन अर्ध्या तासात होते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. जे आतड्यातून शोषले जाते त्याचेही आतड्याच्या भित्तिकेत व यकृतात त्वरित रूपांतर होते. बंगळूर येथे झालेल्या व १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी व्यक्तींना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले असता रक्तरसात ते नाममात्र सापडले. सोबत मिऱ्यातील पायपरीन २० मिलिग्रॅम देताच त्याची उपलब्धता सुमारे वीसपट वाढली.

मग परीक्षानळीत दिसणाऱ्या असंख्य गुणांचे काय? येथे अभ्यासकाने विशेष सावध असावयास हवे. कर्क्युमिन स्वतः प्रकाशमान होते, प्रथिनांशी बंध जोडते, धातूंचे आयन धरून ठेवते. त्यामुळे ज्या कसोटीने त्याची क्रिया मोजावयाची त्या कसोटीतच ते ढवळाढवळ करते आणि होकारार्थी उत्तर फसवे ठरू शकते. २०१७ साली औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने १२० हून अधिक वैद्यकीय चाचण्यांची दखल घेऊन असा निर्वाळा दिला की, दुहेरी अज्ञात पद्धतीच्या, औषधाभास-नियंत्रित चाचणीत कर्क्युमिन यशस्वी ठरल्याचे एकही उदाहरण नाही. गुडघ्याच्या संधिवातात वेदना काहीशी कमी झाल्याचे काही चाचण्या दाखवितात हे खरे. पण त्या बहुतांशी लहान व अल्पमुदतीच्या आहेत.

हळदीच्या पेटंटाचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे अमेरिकी पेटंट १९९५ साली मंजूर झाले व डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ साली रद्द झाले. तो विजय मोलाचा होता. परंतु निर्णय झाला तो उपयोग नवीन नाही एवढ्यावर. गुणाची परीक्षा तेथे झालीच नव्हती.

रोजच्या आमटीतील हळद भिण्याजोगी नाही. गोळ्यांचे मात्र तसे नाही. त्यांत अर्क एकवटलेला असतो व शोषण वाढविण्यासाठी पुष्कळदा पायपरीनही मिसळलेले असते. अशा गोळ्या घेणाऱ्यांत यकृतास इजा झाल्याची प्रकरणे इटलीत व अमेरिकेत नोंदली गेली आहेत. अमेरिकेतील रुग्णांत एक विशिष्ट आनुवंशिक घटक वारंवार आढळला. म्हणजे धोका सर्वांना सारखा नसावा.

पुडीतील हळदीचा खरा धोका हळदीबाहेरचा आहे. बांगलादेशात हळकुंडांना झिलई देताना, रंग उठावदार दिसावा म्हणून शिशाचे क्रोमेट वापरले जात असे. २०१९ साली तेथील बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. लोकजागृती व दंडात्मक कारवाई यांनंतर २०२१ साली हे प्रमाण शून्यावर आले.