एकाची खोडी, वर्गभर हशा

पहिलीच्या वर्गात एखादं पोर बाकावर चढतं. शेजारचे खिदळतात, बाई ओरडतात, आणि खोडी थांबण्याऐवजी वाढते. असं का होतं?

कारण लहान मुलाला लक्ष हवं असतं, आणि ते रागाचं असलं तरी त्याला चालतं. सवंगड्यांचा हशा म्हणजे निखाऱ्यावरची फुंकर. मग ही फुंकरच बंद केली तर?

अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस एका शिक्षिकेच्या वर्गात यासाठी एक खेळ सुरू झाला. वर्गाचे गट पाडायचे आणि नियम सोपे ठेवायचे. कुणी नियम मोडला की बाई न रागावता त्याच्या गटापुढे एक खूण करतात. खुणा ठरावीक मर्यादेत राहिल्या की गट जिंकतो. सगळे गटही जिंकू शकतात. आता खोडीवर हसण्यात मित्रांचंच नुकसान! तेच खोडकराला हळूच खाली बसवतात. मला यातली खरी हुशारी इथेच दिसते.

१९८५ साली बाल्टिमोरमध्ये पहिलीच्या वर्गांत याची मोठी चाचणी झाली. कोणत्या वर्गात खेळ घ्यायचा, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. संशोधक शेपर्ड केलम आणि सहकाऱ्यांनी ही मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा गाठलं. पहिलीत सर्वांत आक्रमक असलेल्या मुलग्यांपैकी ज्यांनी हा खेळ खेळला होता, त्यांच्यात अमली पदार्थांच्या आहारी जाण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. मुलींमध्ये मात्र फरक फारसा दिसला नाही. पुढच्या वर्षीच्या तुकडीत शिक्षकांना प्रशिक्षण आणि पाठबळ कमी मिळालं, आणि परिणामही फिका पडला.