संश्लेषित वंगणतेल आणि एंजिनाचे उष्णतामान

जुन्या वेगवान मोटारींत संश्लेषित तेल घातले की एंजिन थंड राहते, ही समजूत अर्धसत्य होय. पोर्शे ९११ चे उदाहरण घ्यावे. १९६४ पासून १९९८ पर्यंत तिचे एंजिन हवेने थंड होई. पाणी नसल्यामुळे उष्णता वाहून नेण्याचे बरेचसे काम तेलावर पडे. ही उष्णता शीतकातून बाहेर गेली नाही, तर तेलाची जात बदलून काटा फारसा उतरत नाही. संश्लेषित तेलाचा गुण निराळा. ज्या उष्णतामानात खनिज तेल ऑक्सिडीभवनाने दाट होऊन गाळ धरते, तेथे ते दीर्घकाळ टिकते; ते उष्णता सोसते, घटवीत नाही.

खरा प्रश्न श्यानतेचा आहे. ‘२०डब्ल्यू-५०’ यातील डब्ल्यू ‘विंटर’चा, म्हणजे हिवाळ्याचा, तो वजनाचा समजून सुशिक्षितही फसतात. शेवटची संख्या १०० अंश सेल्सिअसवरील श्यानतेची प्रत दर्शविते. तेथे ५० प्रतीस किमान १६.३, तर ३० प्रतीस ९.३ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद श्यानता लागते. केवळ संश्लेषित म्हणून नव्या मोटारींचे पातळ तेल जुन्या एंजिनात ओतले, तर १२० अंशांवर बेअरिंगमधील तेलाचा थर विरळ होऊन धातूवर धातू घासण्याचा धोका उद्भवतो. एंजिन मंद फिरत असता तेलदाबाचा काटा खाली बसतो, ती याची पहिली खूण.